बशीतला पैसा कोणाचा?

हॉटेलातून उठताना बडीशेपेच्या बशीत आपण जी चिल्लर किंवा नोट ठेवतो, तिचे पुढे काय होते हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. वेटरने बशी उचलली, मान किंचित लववली, की आपल्या दृष्टीने तो व्यवहार संपला. आमच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. हॉटेल कामगारांच्या संघटनेत काम करताना मालकाशी जी भांडणे झाली ती आम्ही अंगावर घेतली, कारण तेथे आपली बाजू कोणती हे ठाऊक असते. परंतु या बशीवरून कामगारा-कामगारांतच जी भांडणे झाली, ती आम्हांला फार जड गेली.

एकदा एका मोठ्या खानावळीच्या भटारखान्यातले चौघेजण आमच्या कचेरीत आले. तिघे भांडी घासणारे, एक टेबले पुसणारा पोऱ्या. तक्रार मालकाविरुद्ध नव्हती. ती वेटरांविरुद्ध होती, आणि वेटरही आमचेच सभासद. त्यांतला वयस्क गडी म्हणाला, "दादा, थाळी घासलेली नसती, तर गिऱ्हाइकाने बशीत पैसा टाकला असता का?" दुसऱ्या दिवशी वेटरांना बोलावले. ते म्हणाले, "दादा, आमटी खारट झाली तर बोलणी कोण खातो? भटारखान्यात जाऊन कोणी शिव्या देत नाही." दोन्ही बोलणी खरी होती. आम्ही तोडगा शोधत होतो तोवर मालकाने तो काढला. तो म्हणाला, भांडता कशाला? पेटी माझ्या गल्ल्याशेजारी ठेवा, दर शनिवारी मी सर्वांना वाटून देईन, वहीत नोंद ठेवीन. सर्वांना बरे वाटले. खोटे कशाला सांगावे, आम्हांलाही बरे वाटले. पुढे पगारवाढीच्या बोलण्याला बसलो तेव्हा मालकाने तीच वही आमच्यापुढे ठेवली. "यांना महिन्याला एवढे मिळतेच आहे. वाढ कशाला हवी?"

त्या वहीने आम्हांला हा विषय शिकविला. टिपेचा पैसा किती, यापेक्षा तो बशीतून कामगाराच्या खिशात जाईपर्यंत मध्ये कोणाच्या हातात होता, यावर सगळे अवलंबून असते. आणि हे काही आमचेच मत नव्हे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्लंड, अमेरिका आणि आपल्या देशातही न्यायालयांनी याच एका प्रश्नाचा कीस पाडला आहे.

आपल्याकडे बक्षिसी आहे, दिवाळीची पोस्त आहे. देणाऱ्याने आपखुशीने द्यावे, घेणाऱ्याने हक्क म्हणून मागू नये, असा तिचा रिवाज. म्हणजे ती देणगी झाली. परंतु ज्या धंद्यात अशी देणगी रोज, दर टेबलाला मिळते, आणि ती मिळते हे गृहीत धरूनच मालक पगार ठरवितो, त्या धंद्यात तिला देणगी म्हणावे की मजुरी? गंमत अशी की या प्रश्नाची दोन्ही उत्तरे कामगारांनी निरनिराळ्या वेळी कोर्टात मागितली आहेत.

1908 साली इंग्लंडात रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात काम करणाऱ्या एका वेटरच्या अपघाताच्या भरपाईचा खटला झाला. भरपाई कमाईच्या प्रमाणात मिळायची होती, म्हणून कामगाराच्या बाजूने मागणी अशी की टिपाही कमाईत धरा. अपील न्यायालयाने ते मानले. जेथे टीप घेण्याची चाल उघड आणि सर्वश्रुत आहे व मालकाला ती मान्य आहे, तेथे तीही कमाईच, असे ठरले.

किमान वेतनाचे कायदे आले आणि पारडे फिरले. आता मालकच म्हणू लागले की टिपा ही कमाईच आहे, तेव्हा कायद्याने ठरलेल्या वेतनातून ती वजा करू द्या. अमेरिकेत 1938 साली किमान वेतनाचा कायदा अमलात आला. दर होता तासाला 25 सेंट. तेथे आगगाडीच्या स्थानकांवर लाल टोपी घालणारे हमाल असत, बहुतेक सारे काळे लोक, आणि त्यांची गुजराण प्रवाशांच्या टिपांवरच चाले. कायदा आल्यावर फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल स्थानकाच्या कंपनीने हमालांना कळविले की रोज मिळालेल्या टिपांचा हिशेब द्या, 25 सेंटांना जे कमी पडेल तेवढे आम्ही भरू. हमालांचे म्हणणे असे की प्रवाशाने आम्हांला दिलेला पैसा हा कंपनीने दिलेला पगार कसा? 1942 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीची बाजू उचलून धरली. म्हणजे प्रवाशाने हमालावर खूष होऊन दिलेले नाणे प्रत्यक्षात कंपनीचा पगारखर्च वाचविण्याच्या कामी आले. त्या प्रवाशांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

लंडनमध्ये नेमके उलट घडले. 1951 साली रीजंट स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहाच्या मालकावर वेतन-निरीक्षकाने फिर्याद केली की हा वेटरांना कायद्याने ठरलेल्यापेक्षा कमी वेतन देतो. मालकाने टिपांकडे बोट दाखविले. तेथले वेटर आपापल्या टिपा एकत्र करीत आणि ठरलेल्या हिश्शाने वाटून घेत. या सामाईक फंडाला त्या धंद्यात 'ट्रोंक' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. चर्चमध्ये गरिबांसाठी जी दानपेटी ठेवतात तिचे ते नाव. न्यायालय म्हणाले, पेटीतला पैसा हा वेटरांच्या सामाईक मालकीचा आहे. मालकाने तो दिलेलाच नाही, तर तो त्याने दिलेल्या वेतनात कसा मोजता येईल? मालक हरला.

येथपर्यंत पैसा रोकड होता. पुढे लोक चेकने व कार्डाने बिल भरू लागले आणि सगळा हिशेब पालटला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या एका इटालियन उपाहारगृहातल्या वेटरांची हकीगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. तेथे रोख टिपा वेटर आपसांत वाटून घेत. त्याबद्दल वाद नव्हता. परंतु गिऱ्हाइकाने चेकवर किंवा कार्डाच्या पावतीवर टिपेची रक्कम वाढवून लिहिली, तर ती बिलाबरोबर मालकाच्या खात्यात जमा होई. मालक ती बुडवीत नव्हता, हे लक्षात घ्या. तो तेवढी रक्कम पगाराच्या हिशेबात धरून, कर कापून, वेटरांना देई. मग बिघडले कोठे? बिघडले ते असे की वेतन मंडळाने ठरविलेले किमान वेतन पुरे झाले की नाही, हे पाहताना तो हीच रक्कम मोजी. वेटर कोर्टात गेले. 1996 साली अपील न्यायालयाने बहुमताने निकाल दिला. चेक मालकाच्या नावाचा, कार्डाची पावती मालकाच्या नावाची, म्हणून तो पैसा मालकाचा झाला. पुढे त्याने वेटरांना जे दिले ते स्वतःच्या पैशातून दिले, म्हणून ते वेतनच होय.

एकच टेबल, एकच गिऱ्हाईक, तितकीच रक्कम. बशीत नोट ठेवली तर ती वेटरची, आणि कार्ड पुढे केले तर ती मालकाची! गिऱ्हाइकाच्या मनात दोन्ही वेळा एकच होते, परंतु मनात काय होते यावरून मालकी ठरत नाही, असे कायद्याने सांगितले.

वेटरांनी ते प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेले. तेथे 2002 साली सहा विरुद्ध एक मतांनी ते हरले. त्या न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की टिपांचे काय करायचे, हे वेटरांनी मालकाशी करार करून ठरवायचे होते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा आम्हांला राग आला. ज्याच्या हाती काही नाही त्याला 'करार कर' म्हणून सांगणे सोपे असते. नंतर विचार करता वाटले, की करार करवून घेणे हे तर आमचेच काम. ते न झाल्यामुळेच ते वेटर कोर्टाच्या दारात उभे होते.

त्याच लंडनमध्ये 2009 साली 'ॲनाबेल्स' या क्लबाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने काय केले पाहा. येथेही कार्डाने आलेला पैसा, येथेही मालकाच्या खात्यात. फरक एवढाच की मालक तो पैसा 'ट्रोंकमास्टर'च्या, म्हणजे फंड सांभाळणाऱ्या माणसाच्या, वेगळ्या खात्यात भरी आणि वाटणी तो करी. न्यायालय म्हणाले, ट्रोंकमास्टरच्या हाती गेला की तो पैसा कामगारांचा झाला. त्याने केलेली वाटणी ही मालकाने दिलेले वेतन नव्हे, म्हणून किमान वेतनात ती मोजता येणार नाही. मध्ये एक हात बदलला आणि निकाल बदलला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून ब्रिटिश सरकारने नियमच केला की टीप कोणत्याही वाटेने येवो, ती किमान वेतनात धरायची नाही. पुढे 2023 साली खास टिपांच्या वाटणीचा कायदा झाला व 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये तो लागू आहे. त्यानुसार मालकाने कराखेरीज काहीही न कापता सर्व टिपा पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाटल्या पाहिजेत, वाटणीचे धोरण लेखी ठेवले पाहिजे, नोंदी तीन वर्षे जपल्या पाहिजेत, आणि कामगाराने मागितल्यास त्या दाखविल्या पाहिजेत. वही मालकाकडे राहील, पण ती पाहण्याचा हक्क कामगाराला असेल. आमच्या त्या खानावळीच्या वहीला असा नियम असता तर!

आता मघाच्या भांडीवाल्यांकडे येऊ. त्यांचा प्रश्न वेगळा होता. मालकाने पैसा घेऊ नये हे ठरले, तरी कामगारांत तो कोणी कोणी वाटून घ्यावा? या बाबतीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातले निकाल वाचण्यासारखे आहेत. तेथला कायदा सांगतो की टीप ही ज्या कामगारांसाठी ठेवली त्यांचीच मालमत्ता; मालकाने किंवा त्याच्या मुखत्याराने तिला हात लावायचा नाही. एका उपाहारगृहात असा नियम होता की वाढणाऱ्या बाईने आपल्या टिपांपैकी 15 टक्के टेबले आवरणाऱ्यांना आणि 5 टक्के मद्य देणाऱ्याला द्यायचे. एका बाईने नकार दिला आणि तिची नोकरी गेली. ती कोर्टात म्हणाली, गिऱ्हाइकाने मला दिले, मग ते माझेच. 1990 साली अपील न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. गिऱ्हाईक पैसा ठेवते ते एकंदर सेवेसाठी. टेबल कोणी पुसले, पाणी कोणी आणले, याचा हिशेब त्याने मनात मांडलेला नसतो.

परंतु टेबले आवरणारा निदान गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो. भिंतीपलीकडच्या माणसाचे काय? तोही प्रश्न 2009 साली तेथे आला. एका वाढणाऱ्याने दावा केला की आमच्या टिपांतून स्वयंपाकघरातल्या माणसांना आणि भांडी घासणाऱ्यांना वाटा द्यायला लावतात, हे बेकायदा आहे. न्यायालयाने उत्तर दिले की टेबलाशी प्रत्यक्ष संबंध न येणाऱ्यांनाही सामाईक वाट्यात घेता येते. हा निकाल आम्ही त्या चौघांपैकी वयस्क गड्याला वाचून दाखविला. तो म्हणाला, "तिकडे तरी दिला ना वाटा? मग झालं."

वाटा कोणाला नको, याचाही वाद झाला आहे. 'स्टारबक्स' नावाच्या कॉफीच्या दुकानांत गल्ल्याजवळ टिपांची पेटी असते आणि आठवड्याला ज्याचे जितके तास, तितका त्याचा वाटा. पाळीवरचे मुकादमही त्यातून वाटा घेत. मुकादम म्हणजे मालकाचा माणूस, त्याला वाटा नको, असे म्हणून कॉफी करणाऱ्या कामगारांनी दावा लावला. 2008 साली सॅन डिएगोच्या न्यायालयाने कंपनीने व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम परत करावी असा निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. मुकादमही तीच कॉफी करतो, त्याच गिऱ्हाइकाला देतो, आणि पेटीत पैसा पडतो तो साऱ्या चमूसाठी, असे अपील न्यायालय म्हणाले. 2013 साली न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयानेही मुकादमाला वाटा घेता येतो असाच कौल दिला. ज्याचे काम मुख्यतः प्रत्यक्ष सेवेचे, तो वाटेकरी. 2018 साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की मालकाने, व्यवस्थापकाने किंवा देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने कामगारांच्या टिपा ठेवून घ्यायच्या नाहीत. आमच्याकडे पाळीच्या मुकादमाला 'कॅप्टन' म्हणतात, आणि त्याच्या वाट्याचे भांडण ज्या हॉटेलात नाही ते हॉटेल आम्ही अजून पाहिलेले नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात 1976 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यवस्थापनाने गिऱ्हाइकांकडून गोळा करून कामगारांना वाटलेला पैसा व्यवस्थापनाच्या खिशातला नव्हे. तो केवळ या हातातून त्या हातात दिलेला आहे. पुढे 2011 साली दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र आयकर खात्याची बाजू घेतली. कार्डाने आलेली टीप हॉटेल कामगारांना देते तेव्हा तो पगारच, म्हणून हॉटेलने तीतून आयकर कापला पाहिजे, असा तो निकाल होता. त्याविरुद्ध मोठ्या हॉटेलवाल्या कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 26 एप्रिल 2016 रोजी न्यायमूर्ती कुरियन जोसेफ व न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी तो निकाल रद्द केला. मालक हा त्या पैशाचा केवळ विश्वस्त. टीप द्यावी असा मालकाचा कामगाराशी करार नसतो, आणि ती देतो गिऱ्हाईक. म्हणून ती पगार नव्हे. कामगाराने ती आपल्या इतर उत्पन्नात दाखवावी आणि कर लागू असेल तर स्वतः भरावा.

लंडनच्या न्यायालयाने 1996 साली जो पैसा मालकाचा म्हटला, तसाच पैसा आपल्या न्यायालयाने कामगाराचा म्हटला. हा निकाल वाचून आमच्या कचेरीत पेढे आणावेत असे एका तरुण कार्यकर्त्याने सुचविले होते. आम्ही त्याला जरा थांबविले.

कारण, टीप पगार नव्हे म्हटले की ती सगळ्याच हिशेबांतून उडते. कामगार राज्य विम्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेले आहे की गिऱ्हाइकाकडून घेऊन कामगारांना वाटलेला सेवाआकार हा वेतनात मोडत नाही. याचा अर्थ उदाहरणाने पाहू. एका वेटरला महागाई भत्त्यासह पगार 12,000 रुपये आहे आणि टिपा सरासरी 8,000 मिळतात, असे धरा. तो आजारी पडला. विम्यातून आजारपणाचा भत्ता वेतनाच्या 70 टक्के मिळतो. 12,000 वर तो महिन्याला 8,400 होतो. 20,000 वर 14,000 झाला असता. आजारपणात टिपा तर थांबलेल्याच असतात. वीस वर्षे नोकरी करून तो निवृत्त झाला. दर वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटी सुमारे 1,38,000 येते. टिपा धरल्या असत्या तर सुमारे 2,30,000 आली असती. भविष्यनिर्वाह निधीचीही तीच कथा. जन्मभर घर चालविले 20,000 वर आणि म्हातारपण मोजले गेले 12,000 वर. 1908 साली भोजनाच्या डब्यातल्या वेटरच्या बाजूने जे मागितले गेले होते, ते हेच.

मग कामगाराने मागावे तरी काय? टीप पगारात धरा म्हटले तर मालक ती किमान वेतनातून वजा करू पाहतो, आणि धरू नका म्हटले तर ती म्हातारपणाच्या हिशेबातून जाते. आमचे मत विचाराल तर टिपेला पगार म्हणवून घेण्याच्या नादी लागू नये. पगारच असा मागावा की टीप बुडाली तरी चूल पेटेल. टीप जितकी मोठी, तितका पगार लहान ठेवायला मालकाला तोंड मिळते.

सेवाआकाराचा एक वाद अलीकडचा आहे. बिलात परस्पर 5 किंवा 10 टक्के सेवाआकार लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढल्या. हॉटेलमालकांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळले. हा आकार कामगारांच्या हिताचा आहे, असेही मालकांच्या बाजूने सांगितले जाते. असेल. आमचे म्हणणे इतकेच की जेथे तो घेतला त्या हॉटेलांनी वाटणीची वही दाखवावी. किती आले, कोणाला किती गेले, 'मोडतोड' म्हणून किती कापले. ही 'मोडतोड', म्हणजे फुटलेल्या कपबशांची भरपाई, आम्ही अनेक ठिकाणी टिपांच्या पेटीतून वसूल होताना पाहिली आहे.

त्या खानावळीत शेवटी काय ठरले ते सांगतो. पेटी गल्ल्यापासून हलविली आणि भटारखान्याच्या दाराशी टांगली. तिला दोन कुलुपे, एक किल्ली वेटरांकडे, दुसरी भटारखान्यात. वाटणी गुणांवर: वेटरला तीन गुण, आचाऱ्याला दोन, भांडी घासणाऱ्याला आणि पोऱ्याला दीड-दीड, कॅप्टनने टेबल सांभाळले त्या दिवशी दोन, नुसती देखरेख केली त्या दिवशी काही नाही. वही कामगारच लिहितात, आणि पगाराच्या बोलण्यात ती आणायची नाही हे मालकाने लिहून दिले आहे. दीड गुणावरून दोन महिने भांडण चालले. वेटरांना एक हवा होता, भांडीवाल्यांना दोन.

आता बशीत नोट क्वचितच पडते. गिऱ्हाईक मोबाइल काढते, गल्ल्यावर चिकटविलेल्या चौकोनी कोडावर धरते, आणि बिल व टीप एकदमच मालकाच्या खात्यात जाते. पेटी रिकामी राहू लागली, तेव्हा ते चौघे पुन्हा आमच्या कचेरीत आले, या खेपेस वेटरांना बरोबर घेऊन. कामगारांच्या नावाचे वेगळे खाते काढावे आणि त्याचा कोड टेबलावर ठेवावा, ही मागणी आम्ही मालकाला लेखी दिली आहे. खाते कोणाकोणाच्या सहीने चालेल, यावर बोलणे अडले आहे.